घरं बांधायला शिकली, आता प्रदर्शन घेऊन फिरणार?

प्रश्न : माझी मुलगी आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. एका स्वयंसेवी संस्थेने तिला फिरतं प्रदर्शन डिझाइन करायला सांगितलं आहे. विषय आहे 'असलेल्या घरांचा अधिक चांगला वापर'. प्रदर्शन ग्रंथालयं, महाविद्यालयं, सभागृहं असं वर्षभर फिरेल. त्यासाठी चांगल्या फर्ममधली सहा महिन्यांची इंटर्नशिप सोडायची तिची तयारी आहे. घरं बांधायला शिकलेल्या मुलीने घरं बांधू नका असं सांगत फिरायचं का? यात करिअर आहे, की नुसती हौस? – एक आई

उत्तर :

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. प्रदर्शन डिझाइन हा स्वतंत्र व्यवसाय आहे. वस्तुसंग्रहालयं, विज्ञान केंद्रं, सामाजिक संस्था, मोठ्या कंपन्या, सगळ्यांना हे काम करणारी माणसं लागतात आणि त्यांत आर्किटेक्चर शिकलेले बरेच असतात. माणूस जागेतून कसा चालतो, कुठे रेंगाळतो, कुठे कंटाळतो, याचा विचार करायची त्यांना सवय असते. मात्र पक्क्या नोकऱ्या कमी आहेत. बरंचसं काम प्रकल्पागणिक मिळतं आणि पैसे सावकाश येतात. हे तुम्हा दोघींनाही आधीच माहीत असलेलं बरं.

आता 'घरं बांधू नका' या मुद्द्याकडे येऊ. तिचा विषय आर्किटेक्चरच्या बाहेरचा आहे असं तुम्हाला वाटतंय, पण आज तो या व्यवसायाच्या मध्यावर आलेला आहे. २०२१ चं प्रित्झकर पारितोषिक, म्हणजे आर्किटेक्चरमधला जगातला सर्वात मानाचा पुरस्कार, अ‍ॅन लाकातों आणि जां-फिलिप वासाल या फ्रेंच जोडीला मिळालं. पाडापाडी टाळून आहे त्या इमारतीत भर घालणं हीच त्यांची ओळख आहे. फ्रान्समधल्या बोर्दो शहरात १९६० च्या दशकात बांधलेल्या तीन इमारतींतल्या ५३० घरांना त्यांनी सहकाऱ्यांसोबत बाहेरच्या बाजूने काचेच्या प्रशस्त गॅलऱ्या जोडल्या. काम चालू असताना रहिवासी आपापल्या घरातच राहत होते. या कामाला २०१९ मध्ये युरोपातला आर्किटेक्चरचा मीस व्हॅन डेर रोहे पुरस्कार मिळाला. दुसरीकडे जपानच्या २०२३ च्या गृहपाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी आढळली, म्हणजे एकूण घरांच्या १३.८ टक्के. सिमेंटच्या निर्मितीतून जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी साधारण ७ ते ८ टक्के वाटा येतो, हेही यात धरा. नवं बांधण्याआधी आहे त्याकडे नीट बघायला शिकणं हे तिच्या पिढीच्या आर्किटेक्टचं मुख्य काम असणार आहे, असं मला मनापासून वाटतं.

तेव्हा विषयाची काळजी सोडा. मला काळजी आहे ती प्रदर्शनाची, आणि पुढचं तिला वाचायला द्या.

अशा विषयावरची बहुतेक प्रदर्शनं म्हणजे भिंतीवर उभं केलेलं पुस्तक असतं. वीस पॅनेल, प्रत्येकावर तीनशे शब्द, खाली आकडे. लोक पहिली दोन वाचतात आणि चहा कुठे आहे ते शोधू लागतात. घराचा वापर ही अंगाने कळणारी गोष्ट आहे, म्हणून तिने सुरुवात जमिनीपासून करावी. दोन खोल्यांचं घर चिकटपट्टीने खऱ्या मापात आखावं, दाराच्या जागी फट सोडावी आणि पलंग, टेबल, कपाट यांच्या मापाचे जाड पुठ्ठे कापून लोकांच्या हाती द्यावेत. पलंग कोपऱ्यात सरकवला की एका टेबलाची जागा मोकळी होते, पण कपाटाचं दार आता अर्धंच उघडतं, हे पुठ्ठा हातात घेऊन उभं राहिलेल्याला क्षणात कळतं. दोन अनोळखी माणसं त्या पट्ट्यांच्या घरात उभी राहून वाद घालू लागली की प्रदर्शन लागू पडलं म्हणायचं. शिवाय आखलेलं अख्खं घर गुंडाळून एका पेटीत मावतं.

शेजारी नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट शहरातल्या श्रोडर हाउसचं छोटं मॉडेल ठेवता येईल. डच आर्किटेक्ट रिटफेल्ट यांनी १९२४ साली बांधलेल्या या घराचा वरचा मजला सरकत्या भिंतींमुळे दिवसा एक मोठं दालन असायचा आणि रात्री त्याच्या खोल्या व्हायच्या. मॉडेलच्या भिंती मात्र बघणाऱ्याला स्वतः सरकवता आल्या पाहिजेत, काचेत बंद केल्या तर ठेवूच नये.

आणखी एक सुचवते. दारातच प्रत्येकाला एक कोरा तक्ता द्यावा. आडव्या ओळींत घरातल्या खोल्या, उभ्या रकान्यांत दिवसाचे चोवीस तास. कुठली खोली कधी वापरात असते, तेवढे चौकोन रंगवायचे. रंगवताना माणसं गप्प होतात, कारण सगळ्यात चांगली सजवलेली खोली बहुधा कोरीच राहते. हे तक्ते नाव न लिहिता भिंतीवर लावत जावेत, म्हणजे प्रत्येक मुक्कामाला प्रदर्शनात नवी भर पडत राहील.

इथे एका जागी तिने थांबून विचार करावा. 'तुमचं घर नीट वापरा' हे वाक्य आपण कुणाला ऐकवतो आहोत? दोन खोल्यांत सहा जण राहणाऱ्या कुटुंबाला जागेचा वापर शिकवायची गरज नाही, उलट डिझाइनरनेच त्यांच्याकडे जाऊन शिकावं. भाडेकरूला भिंतीत खिळाही मारता येत नसेल, तर भिंत पाडण्याचे सल्ले त्याच्या काय कामाचे? आणि मोठ्या घरात एकटं राहणारी एखादी आजी मुलाची खोली दहा वर्षं बंद ठेवते, तेव्हा आपल्या तक्त्यावर ती खोली रिकामी दिसते. तिच्या लेखी ती रिकामी नसते. तिला ती खोली एखाद्या विद्यार्थिनीला द्यावीशी वाटेलही, पण आधी तिला विचारावं लागेल की अनोळखी माणूस घरात आला तर भीती कसली वाटते, किल्ली कुणाकडे राहील, स्वयंपाकघर कसं वाटून घ्यायचं, नाही पटलं तर काय. या प्रश्नांना प्रदर्शनात जागा मिळाली नाही, तर ते तरुण डिझाइनरांनी इतरांना दिलेलं प्रवचन होईल. म्हणून रेखाटनं सुरू करण्याआधी तिने अशा वेगवेगळ्या घरांत जाऊन बसावं, ऐकावं, परवानगी घेऊन टिपून घ्यावं. मजकूर त्यातूनच निघेल, आणि तो पॅनेलमागे साठ-सत्तर शब्दांपलीकडे जाऊ देऊ नये.

फिरण्याच्या अडचणी तिला कॉलेजपेक्षा जास्त शिकवतील. पुढच्या ठिकाणी भिंतीला खिळा ठोकू देतील याचा भरवसा नाही, तेव्हा सगळं आपल्या पायावर उभं राहायला हवं. प्रत्येक भाग साध्या दारातून जाईल आणि दोघांना उचलेल एवढाच. सगळे स्क्रू एकाच जातीचे, म्हणजे एका पान्यात काम भागतं. पेटीच्या झाकणाच्या आत भरलेल्या पेटीचा फोटो चिकटवायचा, कारण उतरवणारी माणसं दर वेळी वेगळी असतील. व्हीलचेअर सहज वळेल एवढी वाट. सुटे पुठ्ठे, सुटे स्क्रू सोबत. दर मुक्कामाला काय तुटलं, काय हरवलं याची नोंद. १९५५ साली न्यू यॉर्कमध्ये सुरू झालेलं 'द फॅमिली ऑफ मॅन' हे छायाचित्रांचं प्रदर्शन अनेक देशांत फिरलं, सुमारे ९० लाख लोकांनी पाहिलं, पण लक्झेंबर्गमध्ये कायमचं मांडण्याआधी त्याची डागडुजी करावी लागली होती. झीज होणारच, ती आधीच धरून चालायचं. आणि फ्लेक्स नको. आहे ते वापरा असं सांगणाऱ्या प्रदर्शनाचा शेवट कचऱ्यात झाला, तर सांगण्यात अर्थ राहत नाही. वर्षानंतर सांगाडा कुणाला देणार, हे पहिल्याच बैठकीत ठरवून घ्यावं.

आता इंटर्नशिप. होकार देण्याआधी तिने कॉलेजला लेखी विचारावं की हे काम प्रशिक्षणाच्या कालावधीत धरलं जाईल का आणि देखरेखीसाठी नोंदणीकृत आर्किटेक्ट लागेल का. संस्थेकडूनही तीन गोष्टी कागदावर घ्याव्यात : बजेट किती, निर्णय कोण घेणार, आणि डिझाइनर म्हणून तिचं नाव प्रदर्शनावर राहील का. बजेट सांगायला कुणी तयार नसेल, तर काम कितीही गोड वाटलं तरी तिने नाही म्हणावं आणि फर्ममध्ये जावं. उत्तरं समाधानकारक मिळाली, तर जाऊ द्या तिला. सहा महिन्यांनी पोर्टफोलिओत (आपल्या कामांच्या संग्रहात) सुंदर फोटोंच्या आधी वर्किंग ड्रॉइंग (प्रत्यक्ष बनवण्यासाठीची मापांसहित रेखाटनं), खर्चाचा तक्ता, पेट्यांची यादी आणि पहिल्या मुक्कामानंतर काय बदललं त्याचं एक पान लावायला सांगा. काम देणारा माणूस आधी ते पान बघतो.