आईचे गुडघे झिजलेत, डॉक्टरांनी ऑस्टिओआर्थरायटिस सांगितलाय. चालणं बंद करावं का?

अजिबात नाही. बसून राहिलं की मांडीचे स्नायू सुकतात आणि गुडघा आणखीच दुखतो. त्यांना खुर्चीत बसून एक पाय सरळ करायला सांगा, मांडी घट्ट आवळायची, पाच मोजून सोडायची. दोन्ही पायांना दहा-दहा वेळा, रोज. वजन जास्त असेल तर 1 किलो उतरलं तरी दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी हलका होतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात हवी (पुष्कळ जण उलटी धरतात). नाशिकमधल्या कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सपाटीला फिरू द्या, पांडवलेणीच्या पायऱ्या नकोत. सप्तशृंगीच्या दर्शनाला फ्युनिक्युलर ट्रॉली (रुळांवरून डोंगर चढणारी गाडी) आहे, तीच घ्या. गुडघा सुजून गरम झाला किंवा अडकायला लागला, तर मात्र लगेच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.