'डॉक्टर हू' या बीबीसीच्या सायन्स-फिक्शन मालिकेतली 'द वेब प्लॅनेट' ही गोष्ट खरंच इतकी टाकाऊ आहे का?

टाकाऊ नाही हो, पण लांबण लावलीय भयंकर. १९६५ ची, सहा भागांची, पहिला डॉक्टर साकारणाऱ्या विल्यम हार्टनेलच्या काळातली गोष्ट, आणि डॉक्टरची टीम सोडली तर त्यात एकही माणूस नाही, नुसत्या मुंग्या, फुलपाखरं आणि जमिनीखाली राहणारे ते बिनपंखी ऑप्टेरा, आता तेव्हाच्या बीबीसीच्या बजेटमध्ये हे करायला घेणं म्हणजे धाडसच म्हणायचं ना. लोक हसतात ते कॅमेऱ्याला धडकणाऱ्या झार्बी मुंगीला, आणि परग्रहाची हवा वेगळी दिसावी म्हणून लेन्सपुढे व्हॅसलीन वगैरे फासून केलेल्या त्या धुरकट सीन्सना. हसा बिनधास्त, मीपण हसलो.

पण एक ऑप्टेरा बाई ॲसिडची गळती थांबवायला स्वतःचं डोकंच त्या भोकात घालते, तिथे मात्र हसू येत नाही, अंगावर काटा येतो. मधले दोन भाग सरळ कापले असते तर आज एवढे वाद झालेच नसते असं मला वाटतं. सगळी एकदम बघू नका, रोज एकच भाग बघा, तेव्हा आठवड्याला एकच यायचा.