उतरण आधी, चढण नंतर : सिडनीच्या वेस्ट हेडची रानवाट

प्रश्न : ऑगस्टमध्ये आम्ही दोघे मुलाकडे सिडनीला जाणार आहोत. मुलाने वेस्ट हेडच्या बुशवॉकचा बेत आखला आहे. झाडीतून खाली एका शांत पुळणीवर उतरायचे, तिथे डबा खायचा आणि वर येऊन लुकआउटवरून समुद्र पाहायचा. माझे वय 64 आणि यजमानांचे 68 आहे. तरुणपणी आम्ही राजगड, हरिश्चंद्रगड केले आहेत, पण आता उतरताना माझा उजवा गुडघा दुखतो. हे आम्हाला झेपेल का? आणि झाडी व खाडीच पाहायची, तर ती आपल्या कोकणात नाही का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : झेपेल, मात्र गडाचा हिशेब इथे लावू नये. गडावर सकाळच्या ताज्या अंगाने चढायचे असते आणि थकलेल्या अंगाने उतरायचे असते. वर पोहोचेपर्यंत दम संपला, तर आपण अर्ध्यातून मागे फिरतो आणि मागची वाट उताराची असते. वेस्ट हेडला गाडी थेट माथ्यावर जाते, पायवाट तिथून समुद्राकडे उतरते आणि खरी चढण जेवणानंतर, ऊन कलू लागल्यावर समोर येते. पुळणीवर पोहोचून ‘आता नको’ असे वाटले, तरी वर आल्याशिवाय सुटका नसते. म्हणून खाली उतरताना किती सोपे वाटते यावर न जाता परतीची चढण डोळ्यांसमोर ठेवून निघण्याची वेळ, पाणी आणि विसावे ठरवावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

वाट अशी आहे. सिडनीच्या उत्तरेला कु-रिंग-गाय चेस हे राष्ट्रीय उद्यान आहे. 1894 मध्ये राखून ठेवलेले हे रान न्यू साउथ वेल्समधल्या सर्वांत जुन्या संरक्षित रानांपैकी एक आहे. त्याच्या ईशान्य टोकाला वेस्ट हेड आहे. रेझोल्यूट पिकनिक एरियाजवळ गाडी लावून वाट उतरू लागली की थोड्याच अंतरावर ‘रेड हँड्स केव्ह’ नावाची कपार लागते, पुढे वाट डोंगराच्या कुशीतून रेझोल्यूट बीचवर जाते, तिथून पुन्हा झाडीत शिरून वेस्ट हेड बीचला टेकते आणि मग थेट वर लुकआउटकडे वळते. लुकआउटपासून गाडीपर्यंतचे थोडे अंतर रस्त्याने कापता येते. सगळा फेरा सुमारे चार किलोमीटरचा आहे, पण किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नये. लुकआउट समुद्रापासून शंभरेक मीटर उंचीवर आहे आणि ही उंची शेवटच्या टप्प्यात अगदी थोड्या अंतरात चढावी लागते; दगडी पायऱ्या उंच आहेत आणि काही ठिकाणी हाताचाही आधार घ्यावा लागतो. तुमच्या वयाला जेवणासह साडेतीन ते चार तास धरावेत. सिडनीत ऑगस्ट म्हणजे हिवाळा; सूर्य साडेपाचच्या आगेमागे मावळतो आणि वेस्ट हेडच्या रस्त्याचे फाटकही संध्याकाळी बंद होते, त्यामुळे साडेदहापर्यंत चालायला लागलेले बरे.

गुडघा उतरताना दुखतो असे आपण लिहिले आहे, म्हणजे आपली कसोटी पहिल्या टप्प्यात आहे आणि यजमानांची शेवटच्या. आपण दोन काठ्या घ्याव्यात, एक नव्हे. उंच पायरी उतरताना दोन्ही काठ्या आधी खालच्या पायरीवर टेकवून मग दुखरा पाय खाली टाकावा. पिण्याचे पाणी वाटेत मिळणार नाही असे धरून माणशी दीड-दोन लिटर पाणी वरूनच न्यावे. कपारीपाशी पोहोचेपर्यंतच गुडघा कुरकुरू लागला, तर निःशंक मागे फिरावे, कारण तिथवरची चढण किरकोळ आहे आणि लुकआउट गाडीनेही गाठता येतो.

आता कोकणाविषयी. खाडीच्या घडणीत खरोखर साम्य आहे. शेवटच्या हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढली आणि हॉक्सबरी नदीचे खोरे पाण्याखाली गेले; आज दिसणारे पिटवॉटर आणि ब्रोकन बे म्हणजे त्या बुडालेल्या दऱ्या आहेत. दाभोळची, जयगडची खाडी पाहिलेल्या माणसाला डोंगराच्या दोन सोंडांमध्ये शिरलेले ते संथ पाणी ओळखीचे वाटेल. साम्य मात्र इथेच संपते. सह्याद्री काळ्या बेसाल्टचा आहे, तर इथला वरचा थर वीस कोटी वर्षांहून जुन्या पिवळसर वालुकाश्माचा आहे आणि त्याखाली शेलचे, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेल्या मऊ दगडाचे थर आहेत. खालचा मऊ थर झिजला की वरच्या वालुकाश्माचा आधार जातो आणि घराएवढे धोंडे सुटून उतारावर येऊन बसतात. आपली वाट अशा धोंड्यांच्या मधून जाते. किनाऱ्याजवळ या दगडाला मिठाच्या वाऱ्याने पोखरून मोहोळासारखी छिद्रे पाडलेली असतात.

आणि झाडे पाहावीत ती इथेच. अँगोफोरा नावाचे युकॅलिप्टसच्या नात्यातले झाड खडकाच्या फटीत उगवते आणि वाढता वाढता त्याचे खोड दगडाच्या कडेवरून असे उतू गेलेले दिसते की, लाकूड कुठे संपले आणि दगड कुठे सुरू झाला हे कळायला हात लावून पाहावा लागतो. उन्हाळ्याच्या तोंडावर ते जुनी साल टाकते आणि खालून नारिंगी-गुलाबी गुळगुळीत खोड बाहेर येते. ऑगस्टमध्ये ते राखाडी झालेले असेल. त्याची भरपाई वॅटल करतील. आपल्या बाभळीच्या कुळातली ही झाडे तेव्हा पिवळ्या फुलांनी भरलेली असतात. बँक्सिया या इथल्या झाडाची लाकडासारखी टणक बोंडेही जवळून पाहावीत. काही जातींची बोंडे वणव्याची आच लागल्यावरच उघडतात आणि बी राखेत पडते. जळून काळे पडलेले खोड आणि शेजारची नवी पालवी एकत्र दिसली, तर रान उजाड झाले असे समजू नये.

लुकआउटवरून समोर ब्रोकन बेच्या मध्यावर लायन आयलंड हे बेट दिसते. तिथे छोट्या पेंग्विनांची वसाहत असल्यामुळे बेटावर उतरण्यास मनाई आहे. उजवीकडे पिटवॉटरपलीकडे बॅरनजोईचे टोक आणि त्यावर 1881 मध्ये तिथल्याच दगडातून बांधलेले दीपगृह दिसते. ते टोक मुख्य भूमीला एका वाळूच्या पट्टीने जोडलेले आहे; पट्टीच्या एका अंगाला खुला प्रशांत महासागर फेसाळत असतो आणि दुसऱ्या अंगाला पिटवॉटर निवांत पडलेले असते. हे दोन्ही एका नजरेत मावते, आणि एवढ्यासाठी ती चढण चढावी असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : याच वाटेवर आदिवासींची चित्रे असलेली गुहा आहे असे ऐकले. नातवंडांना दाखवण्यासारखी आहे का? जवळ जाऊन फोटो काढता येतात का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : जरूर दाखवावी, पण ती काय आहे हे आधी सांगून मगच दाखवावी. ‘रेड हँड्स केव्ह’ ही अजिंठ्यासारखी कोरलेली गुहा नाही. पावसापासून आडोसा देणारी वालुकाश्माची नैसर्गिक कपार आहे आणि तिच्या भिंतीवर गेरूच्या रंगात माणसांच्या हातांचे ठसे आहेत. या भागात हात खडकाला टेकवून त्यावर तोंडाने रंगाचे पाणी फुंकण्याची रीत होती, त्यामुळे हात उचलल्यावर त्याची आकृती कोरी राहते आणि भोवती रंग उरतो. पहिल्या नजरेला लाल डागांपलीकडे काही दिसत नाही. मुलांना दोन मिनिटे गप्प उभे करावे; डोळे सावलीला सरावले की एकेक बोट वेगळे दिसू लागते.

ही गॅरिगल लोकांची भूमी आहे. जानेवारी 1788 मध्ये ब्रिटिशांनी सिडनीला वसाहत केली आणि मार्चमध्येच गव्हर्नर आर्थर फिलिप होड्यांतून ब्रोकन बेमध्ये येऊन गेला. पुढच्याच वर्षी, 1789 मध्ये, देवीची साथ पसरली आणि सिडनीच्या परिसरातले आदिवासी प्रचंड संख्येने मृत्युमुखी पडले. आज आपल्याला ‘शांत’ वाटणाऱ्या या पुळणींवर तेव्हा मासे, कालवे आणि शिंपले यांवर जगणाऱ्या माणसांचा राबता होता. त्या लोकांचे वंशज आजही आहेत आणि ही ठिकाणे त्यांच्या लेखी वाडवडिलांची आहेत. म्हणून कठड्याच्या आत जाऊ नये, भिंतीला हात लावू नये आणि ठशांवर पाणी मारू नये. बोटांचा तेलकटपणाही रंगाला घातक ठरतो. कठड्याबाहेरून, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढावा.

या उद्यानात सपाट वालुकाश्मावर मासे, वॉलबी (कांगारूच्या जातीचा लहान प्राणी) आणि मानवाकृती कोरलेल्या जागाही आहेत. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यावरची कातळशिल्पे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना त्या पाहण्याची रीत ठाऊक असेल : भर दुपारी रेषा दिसत नाहीत, सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात दिसतात, आणि कोरलेल्या कातळावर पाय ठेवायचा नसतो. आपल्याकडे या सड्यांवरून वाहने गेली आहेत, म्हणून हे अधिक कळकळीने लिहीत आहे.

प्रश्न : ऑस्ट्रेलियाच्या रानात सापांची आणि गोचिडींची फार भीती वाटते. नेमकी काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : सापांपेक्षा गोचिडींची चिंता अधिक करावी, कारण साप पावलांच्या आवाजाने बाजूला होतात आणि थंडीत फारसे हिंडत नाहीत. पूर्व किनाऱ्यावरच्या गोचिडीच्या लाळेत पक्षाघात आणणारे विष असते. काही माणसांना तिच्या चाव्याने तीव्र ॲलर्जी होते, तर काहींना पुढे मांस खाल्ल्यावर त्रास होऊ लागतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, पँटचे पाय मोज्यांत खोचावेत आणि घरी आल्यावर केसांत, कानांमागे, काखेत नीट पाहावे. गोचीड लागलेली दिसली तर चिमटीत धरून ओढू नये, कारण दाबले की ती आणखी विष सोडते. औषधांच्या दुकानात गोठवणारा स्प्रे मिळतो, त्याने ती जागच्या जागी मारून गळून पडू द्यावी.

साप चावल्यास धुऊ नये, चिरू नये, माणसाला चालवू नये. रुंद क्रेप बँडेज चाव्यावरून सुरू करून संपूर्ण हाताला किंवा पायाला घट्ट गुंडाळावे, काठी बांधून तो अवयव स्थिर ठेवावा आणि 000 या तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करावा. इथले विषारी साप नागाच्या कुळातले असल्यामुळे ही पद्धत चालते. आपल्याकडे घोणस किंवा फुरसे चावल्यावर ती वापरू नये. रानात फोनची रेंज सलग नसते, म्हणून कुठे जातो आणि किती वाजता परतणार हे घरी सांगून निघावे.

प्रश्न : आमच्याकडे गाडी नाही. तरी ही वाट करता येईल का?
— एक वाचक, सिडनी

उत्तर : वेस्ट हेडपर्यंत बस नाही, पण पाण्याच्या बाजूने जाता येते. मॅनलीहून बसने पाम बीचला जावे, तिथल्या पिटवॉटरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने ग्रेट मॅकरेल बीचला उतरावे आणि रेझोल्यूट ट्रॅकने रेझोल्यूट बीच गाठावा. असे आल्यास चढण मध्यावर येते आणि लुकआउटवरून परत धक्क्यापर्यंत उतरायचे राहते. मात्र हा पल्ला गाडीने येणाऱ्यांच्या फेऱ्यापेक्षा बराच लांब आहे. फेरीबोटी ठरलेल्या वेळांनाच असतात, त्यामुळे मॅकरेलहून सुटणाऱ्या शेवटच्या बोटीची वेळ सकाळी पाम बीचच्या धक्क्यावरच विचारून घ्यावी आणि तिच्या आधीची बोट धरायची असे ठरवून चालावे.