वाचकांचे प्रश्न : मोटारसायकलच्या दुरुस्तीची माहिती मागण्याचा हक्क

बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या मानकाच्या, दुचाकींच्या देखभालीविषयी आम्ही प्रश्न मागवले होते. नागपूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांमध्ये तक्रार यंत्रापेक्षा माहितीची होती, म्हणून या वेळी त्याच विषयाची चार पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि त्यांनी उल्लेखलेल्या कंपन्यांची नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझी २०२१ ची मोटारसायकल हमीच्या मुदतीबाहेर गेली आहे. मीटरवरचा इंजिनचा पिवळा दिवा सतत पेटलेला राहू लागला, तेव्हा सक्करदऱ्यातील आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी सांगितले की त्यांच्या स्कॅनरवर या गाडीचा बिघाडाचा कोड उघडत नाही. अधिकृत सेवा केंद्रात गाडीला संगणक लावला आणि पूर्ण थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा नियंत्रित करणारा भाग) बदलावी लागेल असे सांगितले. कोड कोणता आला असे विचारल्यावर ‘ते कंपनीचे अंतर्गत असते’ असे उत्तर मिळाले. तपासणीचे पैसे मात्र घेतले. तो कोड आणि गाडीचे वर्कशॉप मॅन्युअल मागण्याचा मला हक्क आहे काय?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : कोड मागण्याचा हक्क आपल्याला आहे. वर्कशॉप मॅन्युअलसाठी मात्र आज आपल्या देशात थेट बोट ठेवता येईल असे कलम नाही. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या तर आपली बाजू भक्कम होते.

तपासणीचे पैसे घेतले, म्हणजे आपण एक सेवा विकत घेतली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीची जी व्याख्या कलम २(११) मध्ये दिली आहे, तिच्यात ग्राहकाशी संबंधित माहिती जाणूनबुजून दडवून ठेवणे हीदेखील त्रुटी मानली आहे. जुन्या, १९८६ च्या कायद्याच्या व्याख्येत हे शब्द नव्हते. प्रयोगशाळेत रक्त तपासायला दिले, पैसे भरले आणि अहवाल मात्र मिळाला नाही, तर आपण ते चालवून घेत नाही. गाडीच्या तपासणीतही ते चालवून घेण्याचे कारण नाही. त्यामुळे सेवा केंद्राला लेखी अर्ज किंवा ई-मेल करून जॉबकार्डाची प्रत, सापडलेला कोड, त्याचा अर्थ, कोणत्या चाचणीवरून थ्रॉटल बॉडी निकामी ठरवली याचा खुलासा आणि भरलेल्या पैशांचे बिल मागावे. बिल किंवा पावती न देणे ही त्याच कायद्याच्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

कोडचा आग्रह धरण्यामागे तांत्रिक कारणही आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाल्यावर कार्ब्युरेटर जवळपास हद्दपार झाला आणि इंधन किती सोडायचे हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवू लागला. थ्रॉटल किती उघडला आहे, इंजिन किती तापले आहे, सायलेन्सरमधून जाणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती उरला आहे, क्रँक कोणत्या स्थितीत आहे, हे सगळे त्याला सेन्सर कळवत असतात. यांपैकी एखाद्याचा संकेत अपेक्षित मर्यादेबाहेर गेला की ईसीयू कोड नोंदवतो आणि पिवळा दिवा लावतो. परंतु कोड बहुतेक वेळा निकामी सुट्या भागाचे नाव सांगत नाही, तर बिघाड ज्या विद्युतमंडलात आहे त्याचे नाव सांगतो. थ्रॉटलच्या सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असे होत नाही. कपलरमध्ये (वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये) पाणी जाऊन पिना हिरव्या पडल्या असतील, हँडलच्या वळणावर वायर आतून तुटली असेल, अर्थिंग सैल झाले असेल किंवा बॅटरीचा व्होल्टेज पडला असेल. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि बॅटरीचे आयुष्य कमी होण्याचे ते एक मोठे कारण असते. म्हणून कोड मिळाल्यावर कपलर उघडून पाहणे, मीटर लावून व्होल्टेज मोजणे आणि त्यानंतरच भाग बदलणे हा दुरुस्तीचा खरा क्रम आहे. काही गाड्यांमध्ये सेन्सर सुटा विकलाच जात नाही आणि पूर्ण थ्रॉटल बॉडी घ्यावी लागते. आपल्या गाडीचे तसे असेल तर तेही केंद्राने कागदावर सांगावे.

आता मॅन्युअलविषयी. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत तेल, हवा, चेनचा ताण आणि सर्व्हिसचे वेळापत्रक असते. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये वायरिंगचा आराखडा, प्रत्येक सेन्सरची योग्य मापे, टॅपेटचे अंतर, कोणता बोल्ट किती टॉर्कने आवळायचा याचे तक्ते आणि कोडवरून बिघाडापर्यंत पोहोचण्याची पायरीवार पद्धत असते. हे मॅन्युअल मिळाले नाही तर मिस्त्री कितीही अनुभवी असला तरी त्याला अंदाजावर काम करावे लागते आणि त्या अंदाजाचा खर्च शेवटी गाडीमालकाच्या खिशातून जातो.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काची चौकट आखण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने ही चार क्षेत्रे तिच्यापुढे होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झाले. त्यावर हमीच्या अटी, सेवा केंद्रे आणि कंपन्यांचे संपर्क एकत्र मिळतात, आणि तेवढ्यापुरता त्याचा उपयोग आहेच. मात्र कंपन्यांचा त्यातला सहभाग ऐच्छिक आहे. मिस्त्रीच्या टेबलावर लागणारा वायरिंगचा आराखडा ऐच्छिक सहभागातून येईल अशी आशा धरणे मला पुरेसे वाटत नाही. त्यासाठी बंधनकारक नियमच हवा.

असा नियम अशक्य नाही, हे युरोपने दाखवले आहे. युरोपीय संघाच्या १६८/२०१३ या नियमावलीत, जी १ जानेवारी २०१६ पासून लागू झाली, दुचाकी बनवणाऱ्यांनी दुरुस्तीची आणि देखभालीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना संकेतस्थळावरून, अधिकृत विक्रेत्यांच्या तुलनेत भेदभाव न करता द्यावी असे बंधन घातले आहे. शुल्क आकारता येते, पण ते वाजवी असले पाहिजे. चाकणला तयार होणाऱ्या केटीएमच्या लहान गाड्या आणि चेन्नईजवळ तयार होणाऱ्या रॉयल एनफिल्ड युरोपात विकल्या जातात. आपल्याच देशातल्या कामगारांनी जोडलेल्या गाडीची माहिती तिथल्या गॅरेजवाल्याला कायद्याने मिळावी आणि सक्करदऱ्यातल्या मिस्त्रीला मिळू नये, ही गोष्ट मला फार खटकते.

सेवा केंद्राने पंधरा दिवसांत उत्तर दिले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तिथे मराठीत बोलता येते. तेवढ्याने भागले नाही तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते. वस्तू किंवा सेवेसाठी भरलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार घटनेपासून दोन वर्षांत करावी लागते. निकालाला कायद्यात सांगितलेल्या मुदतीपेक्षा जास्त वेळ लागू शकतो, हे मनात धरूनच जावे. पण लेखी मागणी केल्यावर बऱ्याचदा प्रकरण आयोगापर्यंत जातच नाही, आणि म्हणून पहिला अर्ज नीट लिहिण्यावर माझा भर आहे.

प्रश्न : गाडीच्या मोफत सर्व्हिस संपल्या, पण हमी अजून तीन वर्षे आहे. काटोलहून नागपूरला सर्व्हिससाठी येण्यात पूर्ण दिवस जातो. गावातल्या मिस्त्रीकडून तेल आणि ब्रेक शू बदलून घेतले तर हमी रद्द होईल, असे शोरूममध्ये सांगितले. हे खरे आहे काय?
— एक शेतकरी वाचक, काटोल तालुका

उत्तर : हमीपत्र काढून अटी शब्दशः वाचाव्यात, कारण शोरूममध्ये तोंडी सांगितलेली अट आणि छापलेली अट यांत अनेकदा फरक असतो. ठरावीक सर्व्हिस अधिकृत केंद्रातच व्हाव्यात अशी अट पुष्कळ हमीपत्रांत असते आणि ती सरळ डावलली तर कंपनीच्या हातात आयते कारण पडते. म्हणून वेळापत्रकातली सर्व्हिस केंद्रात करावी, आणि मधल्या काळातली झीज, म्हणजे ब्रेक शू, चेन, केबल, पंक्चर, गावात करून घ्यावी, हा आज सुरक्षित मार्ग आहे.

परंतु ब्रेक शू बाहेर बदलले म्हणून इंजिनाची हमी गेली, हे म्हणणे न्यायाला धरून नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात, ग्राहकाने स्वतंत्र गॅरेजात काम करून घेतले एवढ्याच कारणावरून सरसकट हमी रद्द करण्याची अट घालू नये, असे बजावले. सदोष दुरुस्तीमुळे नुकसान झाले असेल तर त्या नुकसानीपुरती हमी नाकारण्याची मुभा ठेवली. एकूण दंड सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा होता. या आदेशाविरुद्ध कंपन्या अपिलात गेल्या, आणि तो आदेश चारचाकींच्या कंपन्यांपुरता होता, हे येथे सांगणे आवश्यक आहे. तरीही त्यातला युक्तिवाद दुचाकीला तंतोतंत लागू पडतो : गाडी एकदा घेतली की तिच्या सुट्या भागांसाठी आणि तपासणीच्या साधनांसाठी ग्राहक त्याच कंपनीच्या दारात अडकतो, आणि त्या छोट्या बाजारात कंपनीची मक्तेदारी असते. अमेरिकेत जून २०२२ मध्ये तेथील फेडरल ट्रेड कमिशनने हार्ले-डेव्हिडसनविरुद्ध याच मुद्द्यावर कारवाई केली आणि बाहेरच्या गॅरेजात दुरुस्ती केल्याने किंवा दुसऱ्या कंपनीचे भाग वापरल्याने हमी जात नाही, असे हमीपत्रात स्पष्ट लिहायला लावले.

गावात काम कराल तेव्हा बिल घ्यावे आणि त्यावर तारीख, किलोमीटर व भागाचे नाव लिहून घ्यावे. तेल स्वतः विकत आणले तर डब्याचा फोटो ठेवावा. मोटारसायकलचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून पुस्तिकेत सांगितलेली श्रेणी, बहुधा ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’, पाहूनच तेल घ्यावे. चारचाकीचे तेल त्यात घालू नये.

प्रश्न : मी आयटीआय झालेला मेकॅनिक आहे. कामठी रोडवर माझे छोटे गॅरेज आहे. कंपनीचा स्कॅनर फक्त डीलरला मिळतो. बाजारातला स्कॅनर घेतला, पण काही गाड्यांची अर्धीच माहिती दिसते. नव्या गाड्या हळूहळू माझ्या हातातून जात आहेत. काय करावे?
— एक मेकॅनिक वाचक, नागपूर

उत्तर : आपले पत्र या चारांत मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, कारण गाडीमालकाचा हक्क शेवटी आपल्यासारख्याच्या गॅरेजात प्रत्यक्षात येतो.

अर्धी माहिती दिसण्याचे कारण असे की कोड दोन प्रकारचे असतात. पी-शून्यने सुरू होणाऱ्या कोडचे अर्थ सर्व उत्पादकांसाठी समान ठरलेले आहेत, तर पी-१ ने सुरू होणारे बहुतेक कोड कंपनी स्वतः ठरवते. पहिला प्रकार कोणताही बरा स्कॅनर वाचतो. दुसऱ्याचा अर्थ कंपनीने सांगितल्याशिवाय खात्रीने कळत नाही. दुचाकींना ओबीडीचा (गाडीने स्वतःच बिघाड ओळखण्याच्या व्यवस्थेचा) दुसरा टप्पा एप्रिल २०२३ पासून लागू झाल्याने नव्या गाड्यांत उत्सर्जनाशी संबंधित देखरेख वाढली आहे, पण एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा), चावीचा इमोबिलायझर आणि नवा ईसीयू गाडीशी जुळवणे या गोष्टी अजूनही कंपनीच्या साधनांशी बांधलेल्या आहेत. चोरी रोखण्यासाठी चावीची जुळवणी मोकाट ठेवता येणार नाही, हे मी मान्य करतो. त्यासाठी मेकॅनिकची ओळख पडताळून मर्यादित प्रवेश देता येतो. एबीएसचा कोड वाचण्यासाठी मात्र असे कोणतेही कारण पुढे करता येत नाही.

कंपनीकडून आपण काही विकत घेतलेले नसल्याने ग्राहक आयोग हा आपला मार्ग नव्हे. आपला मार्ग स्पर्धा कायदा, २००२ चा आहे. त्याच्या कलम १९ खाली कोणतीही व्यक्ती, ग्राहक किंवा त्यांची संघटना स्पर्धा आयोगाकडे माहिती दाखल करू शकते. एकट्याने हे झेपणार नाही. शहरातल्या गॅरेजवाल्यांनी एकत्र येऊन कोणत्या कंपनीकडे कोणत्या तारखेला काय मागितले आणि काय उत्तर आले याची लेखी नोंद जमवली, तर त्या कागदांना वजन येईल. आजपासूनच प्रत्येक कंपनीला ई-मेल पाठवून वर्कशॉप मॅन्युअलची आणि स्कॅनरची किंमत विचारायला सुरुवात करावी. फुकट मागू नये. पैसे द्यायची तयारी असूनही नकार मिळतो, हाच प्रकरणाचा गाभा आहे.

एक सावधगिरी. दिवा बंद करण्यासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील घातक वायू कमी करणारा भाग) काढून टाकणे किंवा ऑक्सिजन सेन्सरला फसवणे ही दुरुस्ती नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ आणि १८२-अ खाली बेकायदा बदलाबद्दल गाडीमालकाला शिक्षा होऊ शकते, आणि अशा एका गाडीचा दाखला देऊन सगळ्या स्वतंत्र गॅरेजांना माहिती नाकारणे कंपन्यांना सोपे जाते.

प्रश्न : इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, शोरूम वर्षभरात बंद झाले. बॅटरी चार्ज घेत नाही. बाहेर उघडून घेऊ का?
— एक वाचक, बेसा

उत्तर : बॅटरीचा पॅक साध्या दुकानात उघडू देऊ नये, लिथियमच्या पेशींत चुकीचा जोड आगीला कारण ठरतो. चार्जर, चार्जिंगचा सॉकेट, वायरिंग आणि ब्रेक हे कुशल मिस्त्रीकडून तपासून घ्यायला हरकत नाही, आणि बिघाड पुष्कळदा चार्जरमध्येच निघतो. विक्रेत्याने दुकान बंद केले तरी उत्पादकाची हमीची जबाबदारी संपत नाही. गाडीवर ‘फेम-२’ या केंद्र सरकारच्या इलेक्ट्रिक वाहन योजनेचे अनुदान मिळाले असेल तर बिलावर तशी वजावट दाखवलेली असते. त्या योजनेच्या अटींत बॅटरीसह किमान ३ वर्षांची हमी आणि विक्रीनंतरच्या सेवेची सोय उत्पादकावर बंधनकारक होती. कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला बिल, हमीपत्र आणि बॅटरीच्या क्रमांकाच्या फोटोसह रजिस्टर्ड पत्र पाठवावे. कंपनी परराज्यातली असली तरी तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातील आयोगात तक्रार करण्याची सोय २०१९ च्या कायद्याने दिली आहे, त्यामुळे आपल्याला नागपूरबाहेर जावे लागणार नाही.