वळचणीखालचा ससा

प्रश्न: मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा हेरफर्डशरमधलं किल्पेक गावचं चर्च पाहिलं. बाहेर छपराखाली कुत्रा, ससा, चित्रविचित्र तोंडं आणि चक्क एक निर्लज्ज नग्न बाई! देवाच्या दारात हे कसं? आत मात्र भिंती अगदी कोऱ्या.

उत्तर: तुम्ही वर पाहिलंत, यातच निम्मं काम झालं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाऊस होता. मान खाली घालून आत शिरलो आणि तसाच बाहेर पडलो. कुत्रा-ससा दिसले ते दुसऱ्या खेपेला. एकाच दगडात, गालाला गाल लावून बसलेत दोघे. शिकारीचा मागमूस नाही. नऊशे वर्षांपूर्वीच्या त्या पाथरवटाला हसू आवरत नसणार, असं मला दर वेळी वाटतं.

भिंतीतून बाहेर काढलेले हे दगड वळचणीचा थर तोलतात. असे ८५ दगड आज शिल्लक आहेत. चर्च साधारण ११४० चं, नॉर्मन काळातलं (म्हणजे फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून आलेल्यांनी इंग्लंड जिंकल्यानंतरचं), तांबड्या वालुकाश्माचं. ते बांधवणाऱ्या ह्यूची गढी शेजारीच होती. पश्चिमेचा तो मातीचा उंचवटा म्हणजे तिचीच जागा. नॉर्मन काम ओळखायला सोपं: कमानी अर्धगोल, भिंती जाड, खिडक्या चिंचोळ्या. टोकदार कमान दिसली की समजावं, बाराव्या शतकाच्या अखेरीकडे किंवा त्याही पुढे आलो.

त्या बाईला ‘शीला-ना-गिग’ म्हणतात. वासनेपासून सावध करायला ती कोरली असं काही अभ्यासक मानतात, तर काहींच्या मते ती दृष्ट काढणारी, वाईटाला पळवणारी. मला पहिलं मत जरा सोवळं वाटतं. तेव्हाच्या माणसांना देव आणि देह असे वेगळे कप्पे करायची आपल्याइतकी सवय नसावी.

आता कोऱ्या भिंती. मध्ययुगात इंग्लंडमधल्या गावोगावच्या चर्चच्या भिंती रंगीत चित्रांनी भरलेल्या असत. अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याला स्वर्ग-नरक तिथेच दिसे. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत, म्हणजे इंग्लंड कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट झालं तेव्हा, विशेषतः सहाव्या एडवर्ड राजाच्या काळात, ही चित्रं मूर्तिपूजेच्या खात्यात गेली आणि ठिकठिकाणी त्यांच्यावर चुना फिरला. गंमत अशी की त्याच चुन्याने काही चित्रं वाचवली. सरी परगण्यातल्या चाल्डनच्या चर्चमध्ये १८७० च्या सुमारास चुना खरवडताना १२०० च्या आसपासचं भित्तिचित्र निघालं: मधोमध उभी शिडी, तिच्यावरून काही आत्मे वर चढताहेत, काही गडगडताहेत आणि खाली सैतान कढई तापवून बसलेत.

पुन्हा किल्पेकला गेलात तर दुर्बीण न्या आणि पूर्ण प्रदक्षिणा घाला. दक्षिणेच्या दारापाशीच लोक रेंगाळतात. ते दार आहेच तसं, पण पश्चिमेच्या भिंतीतून जबडा वासून बाहेर झेपावलेली सर्पमुखं त्या नादात राहून जातात.