विचारा तर खरं : शिव्या देत देत बघायचा डॉक्टर

प्रश्न : आमच्या सासूबाई 'देवमाणूस' मालिकेतल्या डॉक्टर अजितकुमारला टीव्हीसमोर बसून मुडदा, मेल्या असं काहीबाही म्हणतात आणि एकही एपिसोड चुकवत नाहीत. हे काय गौडबंगाल आहे? – एक सूनबाई, कराड

उत्तर : अहो, शिव्या घालायलाच तर बघतात! पण खरं सांगू का, हा व्हिलन डोळे वटारणारा नाहीये ना. वाड्यात भाडेकरू म्हणून राहतो, गोड बोलतो, इंजेक्शन देतो आणि अख्खं गाव त्याला देवमाणूस म्हणतं. आहे मात्र नुसता कंपाउंडर देवीसिंग, बायकांना नादी लावून पैसे-दागिने काढून घेणार, मग मारून पुरणार. आपल्याला हे सगळं माहिती आणि वाड्यातल्यांना कोणालाच नाही, म्हणजे सरूआजी म्हणी मारतेय, टोण्या काहीतरी आगाऊपणा करतोय, आपण खुदकन हसतोय आणि तेवढ्यात हा दारात येऊन उभा. हसू तिथंच थांबतं. हा डॉक्टर करणाऱ्या किरण गायकवाडने आधी 'लागिरं झालं जी' मालिकेत भैय्यासाहेब केला होता, तो बघितल्यावर लांबूनच कळायचं की हा त्रास देणार. इथे ती सोयच ठेवली नाही. सासूबाईंचा राग त्याच्यावर कमी आणि गावावर जास्त असणार, विचारून बघा एकदा.

प्रश्न : ही गोष्ट खरी आहे म्हणतात, खरंय का? – एक वाचक, वाई

उत्तर : वाईकरांनी हे मला विचारावं! तुमच्याच तालुक्यातल्या धोमचं 2016 सालचं प्रकरण, डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या माणसावर सहा खुनांचा आरोप. मालिका त्याच्यावर बेतलीय अशी चर्चा ऑगस्ट 2020 ला ती सुरू झाली तेव्हापासूनच आहे, पण वाडा, सरूआजी, वाड्यातली डिंपल ही सगळी लेखकाची करामत, ती धोममध्ये शोधायला जाऊ नका. आणि हो, डॉक्टरच्या चिठ्ठीवर रजिस्ट्रेशन नंबर असावा लागतो. मी परवा घरातल्या जुन्या चिठ्ठ्या काढून बघितल्या तर एकीवर नुसता गणपती छापलेला, बाकी काहीच नाही, आणि त्या माणसाकडून आम्ही तीन वर्षं औषध घेत होतो.

प्रश्न : हा डॉक्टर कोर्टातून सुटतो, मेला असं वाटतं तरी परत येतो. प्रेक्षकांना येडं समजतात का? – एक चिडलेले काका, सोलापूर

उत्तर : काका, थोडंसं समजतात. स्वतःची केस स्वतः लढून सुटला तिथपर्यंत मजा होती, कारण गोड बोलून गाव गुंडाळणारा माणूस कोर्टही गुंडाळणार हे पटतं. पण ऑगस्ट 2021 ला संपलेली मालिका डिसेंबरमध्ये दुसऱ्या भागासकट हजर, आणि हा नटवरसिंग होऊन आला, हे मलाही जड गेलं. टीआरपी आहे तोवर मरण नाही, दुसरं काय!

प्रश्न : 'देवमाणूस'च्या 2025 मध्ये आलेल्या 'मधला अध्याय' या भागात तो डॉक्टरचा एकदम शिंपी कसा काय? – एक ताई, सांगली

उत्तर : मला तर हे भारी वाटलं. डॉक्टर आणि टेलर, दोघांनाही आपण काही न विचारता अंगाला हात लावू देतो, आणि टेप गळ्यात टाकलेल्या माणसाकडे कोण संशयाने बघतंय? आमची काकू मात्र तेव्हापासून ब्लाऊज टाकायला एकटी जात नाही, मला सोबत नेते. टेलर बिचारा सत्तरीचा, त्याला चष्म्यातून सुईचं भोकसुद्धा दिसत नाही.