वाचकांचे प्रश्न : वाळूपासून चुंबकापर्यंत

प्रश्न : आमच्या चाकणच्या कारखान्यात विद्युत दुचाकींच्या मोटरचे सुटे भाग तयार होतात. २०२५ मध्ये चीनकडून येणाऱ्या चुंबकांचा पुरवठा अडला आणि आम्हाला उत्पादन आखडते घ्यावे लागले. रेअर अर्थ खनिजांचे मोठे साठे भारतात आहेत, असे सरकार सांगते. मग एवढेसे चुंबक आपल्याला का करता येत नाहीत?
– एक वाचक, चाकण

उत्तर : साठे आहेत, हे खरे आहे. रेअर अर्थ म्हणजे निओडिमियमसारख्या, गुणधर्मांनी एकमेकांशी मिळत्याजुळत्या धातूंचा गट; मोटरचे शक्तिशाली चुंबक त्यांपासून बनतात. केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरील वाळूत मोनाझाइट हे रेअर अर्थ असलेले खनिज सापडते. अणुऊर्जा विभागाच्या अंदाजानुसार देशात सुमारे १ कोटी ३१ लाख टन मोनाझाइट असून त्यात सुमारे ७२ लाख टन रेअर अर्थ ऑक्साइड आहे. प्रत्यक्षात आपण वर्षाला जेमतेम तीन हजार टन ऑक्साइड काढतो, आणि चुंबकासाठी तेवढ्याने भागत नाही.

मोनाझाइटमध्ये थोरियम हा किरणोत्सारी धातू असल्यामुळे ते अणुखनिज ठरते आणि त्यावरील प्रक्रिया इंडियन रेअर अर्थ्स या सरकारी कंपनीपुरती मर्यादित राहिली आहे. थोरियम बाजूला काढल्यावर खरे अवघड काम सुरू होते. निओडिमियम, प्रासिओडिमियम, सिरियम, लँथॅनम ही रेअर अर्थ मूलद्रव्ये रासायनिकदृष्ट्या इतकी सारखी आहेत, की ती एकमेकांपासून वेगळी करण्यासाठी मिश्रण शेकडो टाक्यांमधून विद्रावकाच्या साहाय्याने पुन्हा पुन्हा फिरवावे लागते. त्यानंतर ऑक्साइडचा धातू, धातूचा मिश्रधातू, त्याची बारीक पूड, चुंबकीय क्षेत्रात तिचे दाबकाम आणि शेवटी भट्टीतील भाजणी, असा क्रम आहे. यातल्या प्रत्येक टप्प्याचे कौशल्य चीनने तीन-चार दशके चिकाटीने जोपासले. म्हणूनच जगातील रेअर अर्थच्या खाणकामात चीनचा वाटा सुमारे ६० टक्के असला, तरी शुद्धीकरणात तो ९० टक्क्यांच्या आसपास आणि चुंबकनिर्मितीत त्याहूनही जास्त आहे. आपल्या वाळूतून निघालेले निओडिमियम अनेक वर्षे जपानला जात राहिले, कारण ते मोठ्या प्रमाणावर विकत घेणारा चुंबकाचा कारखाना देशात नव्हता.

तुमच्या कारखान्याची अडचण आणखी दोन धातूंशी जोडलेली आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने ज्या सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, त्यांत डिस्प्रोसियम आणि टर्बियम आहेत. मोटर तापली तरी चुंबकाची शक्ती टिकावी, यासाठी हे दोन धातू अल्प प्रमाणात मिसळतात, आणि भारतीय मोनाझाइटमध्ये ते अगदीच नगण्य आहेत. त्यामुळे उद्या देशात चुंबक बनू लागले, तरी हे धातू बाहेरून आणावे लागतील किंवा त्यांची गरज कमी करणारी मोटर तयार करावी लागेल. फेराइट (लोहाच्या ऑक्साइडपासून बनणाऱ्या) चुंबकावर चालणाऱ्या किंवा चुंबकाविना चालणाऱ्या मोटरवरील संशोधनाला म्हणूनच खाणीइतकेच महत्त्व द्यावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली असून वर्षाला ६,००० टन चुंबक देशात तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. हा पैसा योग्य टप्प्यावर जात आहे. मात्र भाव पडल्यावर काय, हा प्रश्न उरतो. अमेरिकेतील माउंटन पास ही खाण चालवणारी मॉलिकॉर्प कंपनी, रेअर अर्थचे भाव कोसळल्यावर २०१५ मध्ये दिवाळखोरीत गेली. तो अनुभव गाठीशी असल्यामुळे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जुलै २०२५ मध्ये त्याच खाणीच्या नव्या मालकाला निओडिमियम-प्रासिओडिमियमसाठी किलोमागे ११० डॉलर या किमान भावाची हमी दिली. २०१० मध्ये चीनने पुरवठा अडवल्यावर जपाननेही सरकारी पैसा ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत घातला आणि पडत्या काळात तिची साथ सोडली नाही. आपल्या योजनेत विक्रीशी निगडित प्रोत्साहन आहे. त्याला किमान भावाची जोड मिळाली, तरच उद्योजक दहा वर्षांचा विचार करून भट्ट्या उभारतील.

प्रश्न : जम्मूतील रियासीत ५९ लाख टन लिथियम सापडल्याचे २०२३ मध्ये वाचले होते. त्याचे पुढे काय झाले?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : तो आकडा पूर्वेक्षणाच्या, म्हणजे खनिजशोधाच्या, प्राथमिक पायरीवरचा, अनुमानित साठ्याचा होता. खाण सुरू करण्याइतकी खात्री त्यानंतरच्या दोन पायऱ्या पार केल्यावर येते. रियासीचे लिथियम ज्या प्रकारच्या मातकट खडकात आहे, त्यातून ते परवडणाऱ्या खर्चात काढण्याचे तंत्र अजून रुळलेले नाही. पुरेसे पात्र बोलीदार न मिळाल्याने मार्च २०२४ मध्ये त्या खाणक्षेत्राचा लिलाव रद्द झाला. दरम्यान ‘काबिल’ या सरकारी कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये अर्जेंटिनातील काटामार्का प्रांतात सुमारे १५,७०० हेक्टरवर लिथियमच्या शोधाचा करार केला आहे.

लिथियमबाबतही घोडे शुद्धीकरणापाशीच अडते. सर्वाधिक लिथियम खणणाऱ्या ऑस्ट्रेलियाचे बरेचसे खनिज शुद्ध होण्यासाठी चीनलाच जाते. युरोपीय संघाने २०२४ मध्ये केलेल्या कायद्यात २०३० पर्यंत गरजेच्या १० टक्के खनिज स्वतः खणण्याचे, पण ४० टक्के स्वतः शुद्ध करण्याचे उद्दिष्ट आहे. या दोन आकड्यांतील अंतर आपल्या धोरणकर्त्यांनी नीट पाहावे.

प्रश्न : जुन्या बॅटऱ्यांतून हे धातू परत मिळणार नाहीत का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मिळतील, पण मोठ्या प्रमाणावर यायला वेळ आहे, कारण आज रस्त्यावर आलेल्या वाहनांच्या बॅटऱ्या निकामी व्हायला आठ-दहा वर्षे लागतील. २०२२ च्या नियमांनुसार विद्युत वाहनांच्या नव्या बॅटरीत २०२७-२८ पासून ५ टक्के आणि २०३०-३१ पर्यंत २० टक्के पुनर्वापरित माल वापरणे बंधनकारक होईल.

प्रश्न : आमच्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूतही खनिजे आहेत असे ऐकतो. उद्या राष्ट्रहिताच्या नावाखाली किनारा खणला जाईल का?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुमच्या किनाऱ्यावर प्रामुख्याने इल्मेनाइट आहे, म्हणजे टायटॅनियमचे खनिज. तेथील वाळू सह्याद्रीच्या बेसॉल्टच्या झिजेतून आलेली असल्याने, ग्रॅनाइटी खडकांतून येणारे मोनाझाइट तिच्यात जवळपास नाही. त्यामुळे चुंबकांसाठी रत्नागिरीवर डोळा असण्याचे कारण नाही. मात्र टायटॅनियमही ३० महत्त्वपूर्ण खनिजांच्या राष्ट्रीय यादीत आहे.

तुमच्या शंकेला दुसरा, अधिक गंभीर आधार आहे. अणुखनिजे आणि महत्त्वपूर्ण खनिजांच्या खाणींना पर्यावरण मंजुरीपूर्वीच्या जनसुनावणीतून सूट देण्याचा निर्णय केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. हा निर्णय मला चुकीचा वाटतो. केरळमधील आलप्पाडच्या रहिवाशांनी वाळूउपशामुळे जमीन समुद्रात जात असल्याची तक्रार वर्षानुवर्षे केली आणि २०१८-१९ मध्ये त्यांना आंदोलन करावे लागले. ज्यांचा किनारा जाणार, त्यांचे म्हणणे मंजुरीआधी ऐकले गेलेच पाहिजे. पर्यावरणीय आघाताचा अहवाल मात्र या सवलतीनंतरही तयार करावाच लागतो. तसा प्रस्ताव तुमच्या भागात आलाच, तर ग्रामपंचायतीने तो अहवाल मागवून घ्यावा, किनाऱ्याची धूप, मासेमारी आणि गोड्या पाण्याच्या विहिरी याविषयी त्यात काय म्हटले आहे ते तपासावे आणि ग्रामसभेचा ठराव लेखी स्वरूपात मंत्रालयाच्या तज्ज्ञ मूल्यांकन समितीकडे पाठवावा.